'जवान अजून तयार नाहीत'

१९९३ सालची गोष्ट. ब्रिटिश नौदलातल्या एका रेडिओ ऑपरेटरचं कोर्टमार्शल नुकतंच आटोपलं होतं. जो औसालिस त्याचं नाव. अठरा वर्षांच्या आसपास नोकरी झालेली, फॉकलंडचं युद्ध पाहिलेलं, उत्तर आयर्लंडमध्ये सहा वेळा जाऊन आलेला. खोलीत एक जण मोठी कात्री घेऊन आला, 'माफ कर, तुझं मेडल हवंय' अशा अर्थाचं काहीतरी म्हणाला आणि औसालिसच्या गणवेशावरचं मेडल कापून घेऊन गेला. हे मेडल शौर्याचं नव्हतं. दीर्घ सेवा आणि चांगली वर्तणूक यासाठी नौदल देतं ते. औसालिसला पुरुषांबद्दलही आकर्षण आहे हे उघड झालं आणि त्याची अठरा वर्षांची चांगली वर्तणूक एका दुपारीत वाईट ठरली.

आमच्या गावी एक निवृत्त सुभेदार आहेत. मी त्यांना लहानपणापासून काका म्हणत आलो. हा लेख लिहायला घेतला तेव्हा पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो आणि ही हकिकत सांगितली. समलिंगी हा शब्द उच्चारायला मीच थोडा अडखळलो, ते अजिबात अडखळले नाहीत. त्यांचं लक्ष भलतीकडेच होतं.

"कात्री कशाला लावली? मेडल उतरवून घेता येतं की. कात्री लावायची म्हंजे चार लोकांत अपमानच करायचा होता."

मग विषयावर आले. "हे बघ, तुमचं कोर्ट-बिर्ट ठीक हाय. पण बराकीत तीस-तीस पोरं झोपत्यात. एका नळावर आंघोळी. खेड्यातनं आलेली पोरं असत्यात सगळी. जवान अजून तयार न्हाईत."

काकांचं हे वाक्य मला ऐकल्यासारखं वाटलं. घरी येऊन शोधलं तर ते भलत्याच एका खटल्यात सापडलं. पण त्याआधी आणखी जुन्या ठिकाणी गेलं पाहिजे, आणि ते ठिकाण आपल्याच मुलखात आहे.

०००

कोरेगावच्या जयस्तंभावर ज्यांची नावं कोरली आहेत त्या महार शिपायांच्या नातवंडा-पतवंडांना १८९० च्या दशकात इंग्रजांनी सैन्यभरती बंद केली. लढाऊ जमातींचा सिद्धान्त तेव्हा जोरात होता. पंजाब आणि नेपाळकडे पाहणाऱ्या सेनापतींना मुंबई इलाख्यातल्या अस्पृश्य शिपायांमध्ये काही राम दिसेना. आणि एक व्यावहारिक सबब तयारच होती: वरच्या जातीचा शिपाई यांच्याबरोबर राहणार नाही, यांच्या सुभेदाराला सलाम ठोकणार नाही. दापोलीत पेन्शनर शिपायांची मोठी वस्ती होती. तिथून गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये सरकारकडे विनंतीपत्र केलं. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळ्यांच्या पुढाकाराने जेजुरीहून पुन्हा अर्ज गेला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये एक महार पलटण उभी राहिली, युद्ध संपल्यावर मोडलीही. अखेर १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, तीही दुसरं महायुद्ध दाराशी आल्यावर आणि बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर असताना. पुढे त्याच रेजिमेंटचे दोन अधिकारी, कृष्ण राव आणि सुंदरजी, देशाचे लष्करप्रमुख झाले.

बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते, सैन्याच्या शाळेत शिकवत होते. छावणीतल्या त्या शाळांनी शिपायांच्या घरात अक्षर नेलं. समाजसुधारणा करावी असं इंग्रजांच्या सैन्याच्या मनातही नव्हतं, तरी ती होऊन बसली. आणि म्हणूनच सैन्याधिकारी जेव्हा 'आम्ही समाज सुधारायला बसलेलो नाही' म्हणतात, तेव्हा मला त्यांचं पूर्ण खरं वाटत नाही.

हे वाक्य अमेरिकेत अगदी असंच बोललं गेलं. २६ जुलै १९४८ ला राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यात काळ्या-गोऱ्यांना समान वागणूक देण्याचा हुकूम काढला. लष्करप्रमुख ओमार ब्रॅडली त्याच आठवड्यात म्हणाले की सैन्य काही सामाजिक सुधारणा करायला निघालेलं नाही. लष्करखात्याचे सचिव केनेथ रॉयल यांचंही मत हेच: सैन्य हे सामाजिक उत्क्रांतीचं साधन नव्हे. पुढच्या वर्षी रॉयल यांना जावं लागलं. आणि कोरियाच्या युद्धात गोऱ्या तुकड्यांतली माणसं धडाधड पडू लागली तेव्हा रिकाम्या जागी काळे सैनिक येऊन उभे राहिले. शेजारचा माणूस कुठल्या रंगाचा आहे हे खंदकात कोण बघत बसणार?

०००

लेनर्ड मॅटलोविच ही कथा पाठ असलेला माणूस होता. सार्जंटचा मुलगा, स्वतः हवाई दलात सार्जंट, राजकारणाने कट्टर उजवा. व्हिएतनाममध्ये सुरुंगावर पाय पडून जखमी झालेला. पहाऱ्यावर असताना शत्रूचे दोन सैनिक मारल्याबद्दल ब्राँझ स्टार मिळालेला. नंतर हवाई दलाने त्याला फ्लॉरिडात एक वेगळंच काम दिलं: वंशभेदावरचे वर्ग घ्यायचे, गोऱ्या पोरांना काळ्या पोरांबरोबर वागायला शिकवायचं. वर्षानुवर्षं इतरांचे पूर्वग्रह खरवडता खरवडता त्याला स्वतःवर झालेल्या अन्यायाचा अंदाज आला असावा. सैन्यात भेदभाव कुणाच्या वाट्याला अजून उरलाय, असा प्रश्न तो विद्यार्थ्यांना घालायचा आणि उत्तर त्याच्या स्वतःच्या खिशात असायचं.

तेवढ्यात त्याच्या वाचनात फ्रँक कॅमेनीचं नाव आलं. कॅमेनी खगोलशास्त्रज्ञ. १९५७ मध्ये समलिंगी म्हणून सरकारी नोकरीतून काढलेला आणि तेव्हापासून सरकारच्या मानगुटीवर बसलेला. त्याला न्यायालयात उभं करण्यासाठी नाव ठेवायला जागा नाही असा सैनिक हवा होता. मार्च १९७५ मध्ये व्हर्जिनियातल्या लँगली तळावर मॅटलोविचने आपल्या वरिष्ठाच्या हातात पत्र ठेवलं: मी समलिंगी आहे, आणि मला नोकरी करायची आहे. वरिष्ठ कॅप्टन काळा होता. त्याने विचारलं, याचा अर्थ काय? मॅटलोविचने उत्तरादाखल १९५४ च्या त्या निकालाचं नाव घेतलं ज्याने काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा बंद केल्या. कॅप्टनला आणखी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

त्याच सप्टेंबरात 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तो गणवेशात झळकला. हवाई दलाने त्याला काढलं. पाच वर्षांनी न्यायाधीश गझेल यांनी परत घ्या म्हणून आदेश दिला, पण तोवर परत गेलो तरी दुसरं काही कारण काढून हाकलतील हे त्याला कळून चुकलं होतं. १,६०,००० डॉलर घेऊन त्याने प्रकरण मिटवलं. १९८८ मध्ये एड्सने गेला. वॉशिंग्टनच्या काँग्रेशनल दफनभूमीत त्याचा दगड आहे, व्हिएतनाम स्मारकासारख्या काळ्या ग्रॅनाइटचा. त्यावर कोरलेल्या मजकुराचा आशय असा: दोघांना मारलं म्हणून सैन्याने पदक दिलं, एकावर प्रेम केलं म्हणून घरी पाठवलं. दगडावर त्याचं नाव नाही, फक्त एक समलिंगी व्हिएतनाम सैनिक एवढंच लिहिलंय.

मॅटलोविचसारखे लोक मला या विषयाचा कणा वाटतात. बाहेर मोर्चे निघत होते, वकील झटत होते, ते सगळं खरंच. पण सैन्याला उत्तर देता येईना ते या आतल्या माणसांमुळे. मार्गारेट कॅमरमेयर ही नर्स कर्नल झालेली, व्हिएतनामचं ब्राँझ स्टार छातीवर. १९८९ मध्ये बढतीसाठीच्या सुरक्षा चौकशीत तिला विचारलं गेलं आणि तिने खरं ते सांगितलं, एवढाच गुन्हा. १९९२ मध्ये बडतर्फ, १९९४ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने परत. खोटं बोलली असती तर वाचली असती. सैन्य, जिथे खोटं बोलणं हाच मोठा कलंक, तिथेच हा उलटा व्यवहार चालला होता.

पुढे तर खोटं बोलण्याचाच कायदा झाला. समलिंगींना सैन्यात घेऊ, असं आश्वासन देऊन क्लिंटन निवडून आले आणि १९९३ मध्ये सेनापती, सिनेटर सॅम नन आणि अर्धी संसद त्यांच्यावर तुटून पडली. त्याआधीच, १९९२ च्या ऑक्टोबरात, जपानमधल्या सासेबो बंदरात अ‍ॅलन शिंडलर या नौसैनिकाला त्याच्याच जहाजावरच्या सोबत्याने सार्वजनिक शौचालयात मारून टाकलं होतं. बंदीच्या समर्थकांचा निष्कर्ष: बघा, म्हणूनच नको. मार खाणारा माणूसच अडचण ठरवायचा, हा न्याय आपल्या गावगाड्यालाही नवा नाही.

तडजोड निघाली ती 'डोन्ट आस्क, डोन्ट टेल'. आम्ही विचारणार नाही, तुम्ही सांगू नका. ऐकायला सोयीचं. प्रत्यक्षात उशाखालचा फोटो, घरून आलेलं पत्र, मित्राजवळ सहज बोललेलं वाक्य, काहीही 'सांगणं' ठरायचं. पहिल्या दहा वर्षांत साडेनऊ हजारांच्या आसपास लोक काढले गेले. त्यांच्या जागी माणसं घेऊन शिकवण्याचा खर्च अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षकांनी काढला, १९ कोटी डॉलर. काढलेल्यांत अरबी जाणणारे दुभाषेही होते, आणि तेही ११ सप्टेंबरनंतर, जेव्हा एकेक अरबी जाणणारा सोन्याच्या तोलाचा होता. डॅन चोई हा वेस्ट पॉइंटचा पदवीधर, इराकहून आलेला, अरबी बोलणारा. त्याने २००९ मध्ये टीव्हीवर जाऊन 'सांगितलं' आणि पुढच्या वर्षी व्हाइट हाउसच्या कुंपणाला स्वतःला बेड्यांनी जखडून घेतलं. त्याच वर्षी त्याला काढलं.

०००

आता त्या 'तयार नसण्या'कडे जरा नीट पाहू.

ब्रिटनमध्ये १९९६ साली संरक्षण खात्याने आपल्या सैनिकांची मतं मागवली. बहुसंख्यांचं म्हणणं: समलिंगी नकोत. खातं हा अहवाल घेऊन थेट स्ट्रासबूरच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेलं. समोर होत्या जिनेट स्मिथ ही हवाई दलातली नर्स, ग्रेडी हा सार्जंट आणि नौदलातले दोघे. स्मिथच्या चौकशीत तिच्या नात्याचे तपशील इतके खोदून विचारले होते की सांभाळायला घेतलेल्या सोळा वर्षांच्या मुलीबद्दलही नको तो प्रश्न घातला गेला. २७ सप्टेंबर १९९९ ला न्यायालय म्हणालं, तुम्ही आणलेला अहवाल हा बहुसंख्यांच्या पूर्वग्रहाचा पुरावा आहे. काळ्या लोकांविषयी असाच अहवाल आणला असतात तर आम्ही तो मान्य केला असता का?

मला हा निकाल विशेष आवडतो, कारण तो पाहणीच्या मुळालाच हात घालतो. सैन्य कुठल्या गोष्टीवर मतं घेतं? मध्यरात्री उठून सात मैल चालायचं की नाही, यावर घेतं? बर्फात बसायचं की नाही? हुकूम मानणं हाच ज्यांचा धंदा त्यांना एकाच गोष्टीत विचारायचं, 'तुम्हाला चालेल का रे?', आणि त्यांनी नाही म्हटलं की हात वर करायचे. सैन्याइतकी माणसं घडवण्याची ताकद दुसऱ्या कुठल्या संस्थेकडे आहे? अठरा वर्षांचं पोरगं घेतात आणि नऊ महिन्यांत त्याचं बोलणं, चालणं, झोपणं बदलून टाकतात.

१२ जानेवारी २००० ला ब्रिटनने बंदी उठवली. राजीनाम्यांची लाट येणार म्हणत होते, आली नाही. नेदरलँडने तर १९७४ सालीच उठवली होती. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाने १९९२ मध्ये. सगळीकडे आधी गदारोळ, मग शुकशुकाट.

अमेरिकेला अजून दहा वर्षं लागली. २०१० च्या फेब्रुवारीत संयुक्त सेनाप्रमुख अ‍ॅडमिरल मलन सिनेटपुढे म्हणाले की देशाचं रक्षण करायला तरुणांना स्वतःबद्दल खोटं बोलायला लावणं मला पटत नाही. खांद्यावर चार तारे असलेला माणूस हे बोलतो तेव्हा खोलीतली हवा बदलते. १९९३ मध्ये बंदीच्या बाजूने उभे राहिलेले आणि कातडीच्या रंगाशी याची तुलनाच करू नका म्हणणारे कॉलिन पॉवेलही त्याच महिन्यात बदलले. मग पुन्हा पाहणी, यावेळी प्रचंड: ४ लाख जणांना प्रश्नावली, सुमारे १ लाख १५ हजार उत्तरं. सत्तर टक्के म्हणाले, फरक पडणार नाही, संमिश्र पडेल किंवा चांगलाच पडेल. लढाऊ मरीन्स मात्र बरेच नाराज होते. पण ज्यांनी समलिंगी सोबत्याबरोबर आधीच काम केलं होतं त्यांच्यापैकी ९२ टक्क्यांना तुकडीच्या कामात काही बिघाड दिसला नव्हता. भीती न पाहिलेल्या माणसाची असते, हे आपल्याला पाण्याच्या हौदापासून माहीत आहे.

२० सप्टेंबर २०११ ला बंदी गेली. मरीन्सचे प्रमुख जेम्स एमॉस यांनी संसदेत विरोध केला होता. कायदा झाल्यावर त्यांनीच आपल्या दलाला तो बजावून सांगितला. सैनिक असाच असतो. आणि फ्रँक कॅमेनी तेव्हा जिवंत होता. तीन आठवड्यांनी गेला.

०००

आता आपलं घर. ३७७ हे कलम इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत घातलं. त्यांनी स्वतःच्या फौजेतून २००० साली हा विषय काढून टाकला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला, नवतेज सिंग जोहर खटल्यात, प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं कलम मोडीत काढलं. नव्या भारतीय न्याय संहितेत तर त्या कलमाला जागाच नाही. राहिला तो सैन्याचा स्वतःचा कायदा. आर्मी अ‍ॅक्ट १९५०, कलम ४६: 'अनैसर्गिक' प्रकारच्या लाजिरवाण्या वर्तनाला सात वर्षांपर्यंत कैद. कलम ४५: अधिकाऱ्याला न शोभणारं वर्तन. आणि कलम ६३, शिस्त व सुव्यवस्थेला बाधक कृत्य, जवळपास तेच शब्द ज्यांनी औसालिसचं मेडल कापलं. संविधानाच्या अनुच्छेद ३३ नुसार संसद सैनिकांचे मूलभूत हक्क मर्यादित करू शकते, त्यामुळे बाहेर जे मिळालं ते छावणीच्या दरवाजावर अडतं.

जानेवारी २०१९ मध्ये लष्करप्रमुख बिपिन रावत पत्रकारांना म्हणाले की सैन्यात हे चालणार नाही, आम्ही रूढीप्रिय आहोत, अजून आधुनिकही झालो नाही आणि पाश्चात्त्यही. यातला 'पाश्चात्त्य' हा शब्द मला गमतीचा वाटला. कलम ४६ कुठल्या वेदात आहे?

मेजर जे. सुरेश यांनी नोकरी सोडली आणि २०२० मध्ये आपण समलिंगी आहोत हे जाहीर सांगितलं. त्यांच्यावरून प्रेरणा घेऊन दिग्दर्शक ओनीर यांनी पटकथा लिहिली, ती संरक्षण खात्याकडे परवानगीला गेली आणि २०२२ मध्ये नाकारली गेली. गोष्टीतलासुद्धा समलिंगी अधिकारी नको. नौदलातल्या साबी गिरीने लिंगबदलाची शस्त्रक्रिया केली आणि २०१७ मध्ये 'सेवेची गरज उरली नाही' म्हणून तिला घरी पाठवलं.

आणि ते काकांचं वाक्य सापडलं ते बबिता पुनिया खटल्यात, फेब्रुवारी २०२० चा निकाल. विषय समलिंगींचा नव्हताच, महिला अधिकाऱ्यांना कायम नेमणूक देण्याचा होता. सरकारने लिहून दिलं होतं की जवान प्रामुख्याने ग्रामीण भागातले पुरुष आहेत आणि स्त्री अधिकाऱ्याचं नेतृत्व स्वीकारायची त्यांच्या मनाची अजून तयारी झालेली नाही. न्यायमूर्ती चंद्रचूड, जे ३७७ च्या खंडपीठावरही होते, त्यांनी हा युक्तिवाद मानला नाही. दीड वर्षात खडकवासल्याच्या एनडीएचं दारही मुलींना उघडलं आणि ३० मे २०२५ ला १७ मुली तिथून बाहेर पडल्या. ग्रामीण जवानाला आपण किती बदनाम करतो! त्याच्या आईने, आत्याने, सासूने त्याला जन्मभर हुकूम सोडलेले असतात.

सरसकट आशेने लिहावं असं मात्र दिसत नाही. जे हुकमाने येतं ते हुकमाने जातं. अमेरिकेत तृतीयपंथी सैनिकांना आधी घेतलं, मग ट्रम्प यांनी काढलं, बायडन यांनी परत घेतलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा काढायचा हुकूम निघाला. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो अमलात आणायला मोकळीक दिली. कारणं ऐकली की १९४८ ची फाइल उघडल्यासारखं वाटतं: एकजूट, शिस्त, तयारी.

०००

परवा पुन्हा काकांकडे गेलो. ही सगळी यादी त्यांना वाचून दाखवली. महार रेजिमेंटचं ऐकताना मान हलवत होते. त्या पलटणीबरोबर ते सिक्कीमला होते. "नंबर एक माणसं," एवढंच म्हणाले.

बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आमच्यात होता एक. माहीत सगळ्यांना होतं. विचारलं कुणी न्हाई."

"मग काय झालं?"

"काय व्हायचंय? सिग्नलचं काम लई चांगलं होतं त्याचं." आणि थोडं थांबून, "लग्न लावून दिलं घरच्यांनी. त्या पोरीचं मात्र वाटोळं झालं बघ."

मी औसालिसचं पुढचं सांगितलं. तो न्यायालयात गेला आणि सव्वीस-सत्तावीस वर्षांनी त्याला मेडल परत मिळालं. २०२३ मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. काढलेल्यांना प्रत्येकी ५०,००० पौंड द्यायची योजना २०२४ च्या डिसेंबरात निघाली.

"रुपयात किती?"

"पन्नास लाखांच्या वर."

"पेन्शन का एकरकमी?"

"हे एकरकमी."

"आणि काढलं कवा होतं त्यांना?"

"कुणाला सत्तर साली, कुणाला ब्याण्णव-त्र्याण्णवला."

काकांनी बोटांच्या पेरांवर वर्षं मोजली. एक हात पुरला नाही, दुसरा घेतला.

"मग निम्मे तर गेलेच असतील," ते म्हणाले, आणि काकूंना चहाचं सांगायला उठले.